पडदा लागल्यावर आत काय होतं: शर्यतीत गेलेल्या घोडीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बाबांना घोड्यांचा जुना नाद. पैसे फारसे लावत नाहीत, पॅडॉकच्या, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्याशी उभे राहून घोडे बघतात. या सीझनला त्यांच्या आवडत्या घोडीचा पाय शेवटच्या वळणावर मोडला. तिच्याभोवती हिरवा पडदा लागला, अँब्युलन्स आली, आणि पुढची रेस ठरल्या वेळेला सुटली. तेव्हापासून बाबा रेसकोर्सवर गेलेले नाहीत, त्याबद्दल बोलतही नाहीत. तिला खरंच वाचवता आलं नसतं का? एवढी घाई कशाला? नंतर तिचं काय केलं असेल? आणि जी घोडी आपली नव्हतीच, तिचं एवढं मनाला लावून घ्यावं का?"

मी घोड्यांचा डॉक्टर आहे. नोकरीची बरीच वर्षं रेसकोर्सवर गेली, त्यामुळे त्या हिरव्या पडद्याच्या आतल्या बाजूला अनेकदा उभा राहिलो आहे. वडिलांची समजूत कशी घालावी हे तुम्ही विचारलेलं नाही आणि ते बरंच झालं. "तिचं आयुष्यच तेवढं होतं" यासारख्या बोलण्याने कुणाला बरं वाटल्याचं मी पाहिलेलं नाही. नेमकं काय झालं हे कळल्यावर मात्र बऱ्याच जणांना झोप लागलेली पाहिली आहे. म्हणून आधी तेच सांगतो. थोडं अंगावर येईल, पण वडिलांना वाचायला द्या.

रेसचा घोडा साधारण साडेचारशे ते पाचशे किलोचा असतो आणि ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळतो. भरधाव असताना प्रत्येक उडीत एक क्षण असा येतो की तो सगळा डोलारा एकट्या पुढच्या पायावर असतो. त्या क्षणी त्या पायावर घोड्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. आणि गुडघ्याच्या खाली त्या पायात स्नायू जवळजवळ नाहीतच. नळीचं हाड, त्याच्या मागून गेलेल्या कंडरा, वर पातळ कातडी, बस्स. हाड तुटलं तर त्याची धार झेलायला मांस नसतं. कातडी आतून फाटते, रक्तवाहिन्या तुटतात, जखमेत माती आणि शेण शिरतं. खुराच्या वरच्या सांध्याला फेटलॉक म्हणतात. त्याच्या मागे सेसमॉइड नावाची दोन छोटी हाडं असतात आणि सांध्याला मागून तोलून धरणारी सगळी यंत्रणा त्यांच्यावर उभी असते. ती दोन्ही फुटली की सांधा खाली बसतो आणि थेट जमिनीला टेकतो.

त्यात घोडा थांबत नाही. बरोबरीचे पळताहेत, अंगात पळण्याची रग आहे, वेदना पोचायची आहे, म्हणून तो मोडलेला पाय टाकत राहतो. जॉकी कसोशीने लगाम खेचतो तरी थांबायला बरीच पावलं जातात आणि तेवढ्यात साध्या भेगेचे तुकडे होतात. जॉकी खाली उडी टाकून दुखावलेला पाय हातांत उचलून धरतो ते वडिलांनी पाहिलं असेल. तेवढ्या वेळात तेच सर्वांत मोठं औषध असतं.

आता मुख्य प्रश्न. माणसाचा पाय मोडतो, रॉड घालतात, महिनाभर खाटेवर झोपवतात. घोड्याला का नाही?

कारण घोड्याला झोपवून ठेवता येत नाही. एवढ्या वजनाचं जनावर एका कुशीवर दिवसन्‌दिवस पडून राहिलं तर खालच्या बाजूचे स्नायू मरायला लागतात, फुप्फुसात पाणी साचतं, आतडी थंडावतात. त्याला उभंच राहावं लागतं, म्हणजे मोडलेल्या पायासकट. शिवाय ऑपरेशन यशस्वी झालं तरी भुलीतून बाहेर येताना घोडा घाबरतो. तो मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. शुद्ध येताच उठायचं आणि पळायचं, एवढंच त्याला ठाऊक असतं.

अमेरिकेतल्या रफियन या घोडीची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असते. दहा शर्यती पळाली, दहाही जिंकली. ६ जुलै १९७५ ला न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कमध्ये तिची आणि त्या वर्षीचा केंटकी डर्बी या मोठ्या शर्यतीचा विजेता घोडा फूलिश प्लेझर याची दोघांचीच शर्यत लावली. पुढच्या उजव्या पायाची दोन्ही सेसमॉइड फुटली. डॉक्टरांनी रात्री ऑपरेशन केलं, पाय बांधला. भूल उतरली तशी ती आडव्या अंगानेच पळायला लागली, जणू शर्यत अजून संपलेली नाही, आणि प्लास्टरसकट सगळं उद्ध्वस्त करून टाकलं. ७ जुलैच्या पहाटे तिला शांत करावं लागलं. पुढे काही मोठ्या रुग्णालयांनी यावर तोडगा काढला: घोड्याला तराफ्यात बसवून कोमट पाण्याच्या टाकीत तरंगत ठेवायचं, म्हणजे शुद्धीवर येताना पाय झाडले तरी पाण्यातच झाडले जातात.

अशाच टाकीतून बार्बारो हा घोडा सुखरूप बाहेर आला होता. २००६ ची केंटकी डर्बी त्याने साडेसहा घोडा-लांबींनी मारली आणि दोन आठवड्यांनी, २० मे ला, प्रीकनेस शर्यतीत सुरुवातीलाच त्याचा मागचा उजवा पाय मोडला. वीसहून अधिक तुकडे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये डॉ. डीन रिचर्डसन यांनी प्लेट आणि २७ स्क्रू घालून तो सांधा उभा केला. शस्त्रक्रियेतलं ते काम आजही शिकण्यासारखं आहे. पैशांची अडचण नव्हती, मालक जॅक्सन पतीपत्नी खंबीर होते, देशभरातून त्याच्या नावाने पत्रं आणि गाजरं येत होती. मोडलेलं हाड जुळायलाही लागलं. आणि जुलैत त्याचा दुसरा, धडधाकट मागचा पाय गेला.

हे बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. घोड्याच्या खुराच्या आत एक हाड असतं आणि ते खुराच्या भिंतीला शेकडो बारीक पापुद्र्यांनी लटकलेलं असतं. दोन वह्यांची पानं एकमेकांत सरकवून बसवावीत तसे हाडाकडचे आणि भिंतीकडचे पापुद्रे एकमेकांत अडकलेले असतात. घोडा चालता राहिला, वजन या पायावरून त्या पायावर जात राहिलं, की तिथलं रक्त फिरतं. एक पाय मोडला आणि त्याच्या जोडीच्या पायावर आठवडेच्या आठवडे अखंड भार राहिला, की रक्त पुरेनासं होतं. पापुद्रे सुटायला लागतात आणि आतलं हाड खाली खचतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. त्याची वेदना मी पाहिली आहे आणि मोडलेल्या पायाची वेदनाही पाहिली आहे. दोन्हींपैकी लॅमिनायटिसचा घोडा बघणं मला अधिक जड गेलं आहे. बार्बारोच्या त्या खुराची बहुतेक भिंत कापून काढली, तरी तो आणखी सहा महिने झुंजला. शेवटी पुढच्या दोन्ही पायांतही तेच सुरू झालं, म्हणजे उभं राहायला एकही पाय उरला नाही. २९ जानेवारी २००७ ला त्याला निरोप दिला.

जपानमध्ये हेच जवळजवळ तीस वर्षं आधी घडलं होतं. टेनपॉइंट हा त्या देशाचा लाडका घोडा. २२ जानेवारी १९७८ ला क्योटोला जॉकी धरून साडेसहासष्ट किलोचं वजन घेऊन पळताना त्याचा मागचा डावा पाय मोडला. अशा फ्रॅक्चरला तिथेही लगेच सुई देण्याचाच, म्हणजे इंजेक्शनने शांत मरण देण्याचाच, रिवाज होता. पण लोकांचे फोन थांबेनात, "त्याला मारू नका". म्हणून ऑपरेशन केलं. पुढचे सहा आठवडे वर्तमानपत्रांत त्याच्या तब्येतीच्या बातम्या येत होत्या. घोडा वाळत गेला, दुसऱ्या पायाला लॅमिनायटिस झाला आणि ५ मार्चला तो गेला. त्याला जगवायची लोकांची इच्छा खरी होती. ते सहा आठवडे मात्र त्याने एकट्याने काढले.

तुमच्या वडिलांच्या घोडीजवळ जो डॉक्टर गुडघे टेकून बसला होता, त्याच्या डोळ्यांसमोर हे सगळं असतं. जखम उघडी आहे का, सांधा तुटलाय की फक्त हाड, खुराकडे जाणारा रक्तपुरवठा शिल्लक आहे का, पाय बोटांनी चाचपताना हाडाचे किती तुकडे लागतात, एवढ्या चार गोष्टी पाहायला फार वेळ लागत नाही. बाहेर जी घाई वाटते, ती आत वेदना लांबवायची नाही म्हणून असते. शंका असेल तेव्हा आम्ही घाई करत नाही. स्प्लिंट बांधतो, वेदनेचं आणि गुंगीचं औषध देतो, अँब्युलन्सने रुग्णालयात नेतो, एक्स-रे काढतो. पडदा लागला म्हणजे घोडा गेलाच असं नाही. नळीच्या हाडाच्या खालच्या टोकाला उभी चीर गेली असेल, सांधा शाबूत असेल, तर आडवे स्क्रू घालून ते हाड घट्ट करता येतं. असे पुष्कळ घोडे बरे झाले आहेत आणि काही पुन्हा जिंकलेही आहेत. पण सांधा फुटलाय, हाड बाहेर आलंय आणि खूर थंड पडलाय अशा वेळी "प्रयत्न करून बघू" म्हणणाऱ्या डॉक्टरला मी दयाळू म्हणणार नाही.

सुई दिली जाते ती शिरेतून. आधी गुंगीचं औषध, मग बेशुद्ध करणाऱ्या औषधाची फार मोठी मात्रा. घोडा गुडघ्यांत मोडतो आणि खाली बसतो. शुद्ध आधी जाते, श्वास आणि हृदय त्यानंतर थांबतं. काही देशांत अजून बंदूक वापरतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण सरावलेल्या हातात तीही क्षणाचीच असते. पडदा असतो तो लोकांना घोड्याचा शेवट दिसू नये म्हणून, आणि घोड्याला लोकांची गर्दी दिसू नये म्हणूनही. त्यामागे लपवाछपवी असते असं स्टँडमध्ये बोललं जातं. "विम्यासाठी मारला" हेही दर वेळी ऐकू येतं. बहुतेक साध्या क्लासच्या घोड्यांचा असा घसघशीत विमाच नसतो, आणि जिथे असतो तिथे कंपनीला डॉक्टरचा कारणासहित दाखला लागतो.

नंतर काय करतात? व्यवस्थित चालणाऱ्या ठिकाणी आधी शवविच्छेदन, मग खोल खड्डा. खड्डा खोलच लागतो आणि तो लगेच बुजवावा लागतो, कारण सुईतलं औषध शरीरात राहतं. कुत्र्यांनी किंवा गिधाडांनी ते मांस खाल्लं तर तीही मरतात. रफियनसारख्यांना ट्रॅकच्या आतल्या हिरवळीत जागा मिळते. तिचं नाक विनिंग पोस्टच्या दिशेला ठेवून तिला पुरलं होतं, आणि बेलमाँटचं नव्याने बांधकाम निघालं तेव्हा, २०२३ मध्ये, तिचे अवशेष केंटकीतल्या क्लेबॉर्न फार्मवर नेले. बार्बारोची रक्षा केंटकी डर्बी होते त्या चर्चिल डाउन्स रेसकोर्सच्या दाराशी आहे, वर त्याचा धावता पुतळा. चौथ्या-पाचव्या, म्हणजे खालच्या क्लासचा, वर्षातून एखादी रेस मारणारा घोडा सकाळच्या सरावाच्या गॅलपमध्ये पडतो तेव्हा त्याची बातमीही होत नाही. आणि सकाळी पडणारे काही कमी नसतात. फक्त तेव्हा स्टँड रिकामे असतात. मोठ्या घोड्यांच्या समाध्या बघताना मला हे नेहमी खटकतं.

शवविच्छेदन म्हटलं की घरच्यांसारखंच तबेल्यातली माणसंही कळवळतात, "आता आणखी कापाकापी कशाला". पण या धंद्यात आम्हांला जे काही कळलंय त्याचा मोठा भाग तिथूनच आलाय. कॅलिफोर्नियात १९९० पासून रेसकोर्सवर मेलेल्या प्रत्येक घोड्याचं शवविच्छेदन करण्याचा नियम झाला आणि ते काम डेव्हिस इथल्या विद्यापीठाकडे दिलं. डॉ. सू स्टोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती हाडं वर्षानुवर्षं तपासली. त्यांना दिसलं की ज्याला आपण 'अचानक मोडला' म्हणतो त्यातल्या बहुतेक हाडांत आधीपासून बारीक चिरा होत्या. रोजच्या कामाने हाडाची झीज होते, विश्रांतीत ती भरून निघते, आणि भरून निघण्याआधी पुन्हा जोराचं काम पडलं की चीर वाढत जाते. म्हणजे अपघाताचा दिवस एक असतो, पण अपघात तयार होत असतो कित्येक आठवडे. नालेच्या पुढच्या कडेला पकडीसाठी उभी पट्टी ठेवत, तिच्यामुळे पायावरचा ताण वाढतो हेही तिथेच पुढे आलं. २००८ च्या केंटकी डर्बीत एट बेल्स नावाची घोडी दुसरी आली आणि रेस संपल्यावर वेग कमी करताना तिचे पुढचे दोन्ही फेटलॉक मोडले. ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर तिथल्या जॉकी क्लबच्या समितीने पुढच्या पायांच्या नालांवरच्या त्या उंच पट्ट्या बंद करण्याची शिफारस केली. पट्टीचा धोका तोवर माहीत नव्हता असं नाही. लोक हळहळले म्हणून ऐकलं गेलं.

त्याच सुमाराला अमेरिकेत घोड्यांच्या दुखापतींची एकत्र नोंद सुरू झाली. २००९ मध्ये दर हजार धावांमागे २.०० घोडे जात, २०२३ मध्ये ते प्रमाण १.३२ वर आलं. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न कप शर्यतीत परदेशी घोड्यांचे पाय मोडण्याचे प्रसंग लागोपाठ घडले. २०२० मध्ये अँथनी व्हॅन डाइक हा घोडा गेल्यावर बाहेरून येणाऱ्या घोड्यांचे पाय सीटी स्कॅनमधून तपासणं सक्तीचं झालं. हे स्कॅनर असे आहेत की घोडा उभ्या उभ्या, नुसत्या गुंगीत पाय आत ठेवतो, पूर्ण भूल लागत नाही. बार्बारोच्या नावाने जमलेला पैसा लॅमिनायटिसच्या संशोधनाला गेला.

माझं मत विचाराल तर प्रत्येक रेस क्लबने सीझन संपला की किती घोडे पळाले, किती गेले, सकाळच्या कामात किती गेले आणि शवविच्छेदनात काय निघालं, हे एका पानावर छापून लोकांपुढे ठेवावं. त्याने बदनामी होईल असं म्हणणारे भेटतात. मला तर न छापण्यानेच जास्त बदनामी होताना दिसते.

पावसाळी सीझनबद्दल एक वाक्य, कारण वडील चिखलाला दोष देत असतील. घसरून पडणं हा वेगळा अपघात आहे आणि तो होतोच. पण गवताच्या ट्रॅकवर हाड मोडण्याच्या दृष्टीने मऊ जमिनीपेक्षा कडक, कोरडी, वेगवान जमीन जास्त धोक्याची असते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, परक्या घोडीचं दुःख करावं का. मला त्यात परकं काही दिसत नाही. राइस शॉवर नावाचा जपानी घोडा होता. त्याने १९९२ आणि १९९३ मध्ये लोकांच्या दोन लाडक्या घोड्यांचे मोठे विक्रम हुकवले म्हणून बिचाऱ्याला खलनायक ठरवलं होतं. नंतर तो पडता काळ काढून परत जिंकला आणि लोकांनी त्याला उचलून धरलं. ४ जून १९९५ ला क्योटोच्या ट्रॅकवर त्याचा पाय मोडला आणि तिथेच पडदा लावून त्याला सुई दिली. त्या रेसकोर्सवर त्याचं स्मारक आहे आणि लोक तिथे फुलं, गाजरं ठेवतात. त्यातल्या एकाचाही तो घोडा नव्हता. जपानच्या अनेक रेसकोर्सवर घोड्याचं मस्तक धारण केलेल्या कॅननची, म्हणजे अवलोकितेश्वराच्या एका रूपाची पूजा होते आणि गेलेल्या घोड्यांसाठी प्रार्थना होते. दुःखाला तिथे जागा नेमून दिलेली आहे, म्हणून ते कुणाला वेडेपणाचं वाटत नाही. आपल्याकडे अशी जागा नाही, त्यामुळे तुमचे वडील घरी गप्प बसतात.

पण आपल्या ट्रॅकवर ज्याचं दुःख सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी विचारलं जाणारं, तो सईस. वडिलांनी ती घोडी पॅडॉकमध्ये वर्षातून काही वेळा पाहिली. सईस रोज पहाटे अंधारात उठून तिला खरारा करतो, चंदी घालतो, गॅलपनंतर पाय थंड पाण्यात धरतो, पट्ट्या बांधतो. तिला कुठल्या कानामागे खाजवलेलं आवडतं, कुठली मोटरसायकल ऐकून ती बिचकते, हे त्यालाच माहीत. ती जिंकली तर त्याची बक्षिसी. रेसनंतर घोडी परत ताब्यात घ्यायला तो मोरकी हातात धरून उभा असतो, आणि त्या दिवशी मोरकी तशीच परत नेतो. मालकाला फोन जातो, ट्रेनरला स्ट्युअर्ड, म्हणजे रेसचे पंच, बोलावतात, सईसाला कुणी काही सांगत नाही. संध्याकाळी दुसऱ्या घोड्यांची चंदी भिजवायची असतेच.

त्यांच्याशी बोलताना एक प्रश्न मला फार वेळा ऐकायला मिळाला: "डॉक्टर, माझी पट्टी घट्ट झाली होती का?" कधी नाल, कधी पाणी, कधी सकाळी दोन मिनिटं उशिरा सोडलं म्हणून. तो स्वतःला दोष देत असतो आणि कुणाला सांगत नाही. अशा वेळी मी हाड समोर ठेवून दाखवायचो, ही इथली कड ताजी आहे, लाल आहे, ही मात्र जुनी, गुळगुळीत झालेली, हिला कित्येक आठवडे झाले, तुझ्या पट्टीचा इथे काही संबंध नाही. एवढं पुरायचं. एकदा एक सईस ते बघून म्हणाला, "मी सांगितलं होतं पाय गरम लागतो म्हणून." त्याने खरंच सांगितलं होतं, आणि ते वर पोचलं नव्हतं. सूज आणि दुखणं दाबणारी औषधं चालू असली की पायाची ती ऊबही कळेनाशी होते, हे त्यात आणखी. सईसाचं ऐकायला वही ठेवा, असं मी तेव्हापासून प्रत्येक तबेल्याला सांगतो. काही ठेवतात.

मी तबेल्यांना आणखी काही गोष्टी आग्रहाने सांगतो. मालकाइतक्याच लवकर सईसाला सांगा आणि त्याच्या भाषेत सांगा. शेवटच्या वेळी डोकं धरून बसायचं का हे त्याला विचारा. काहींना बसायचं असतं, काहींना अजिबात नको असतं, दोन्ही ठीक. आयाळीची एक बट आणि एक नाल काढून त्याला द्या, मालकाला दुसरी द्या. त्याच रात्री त्या ठाणावर नवा घोडा बांधू नका. एका तबेल्यात दसऱ्याला सगळ्या ठाणांना झेंडूची तोरणं लावताना रिकाम्या ठाणाचं काय करायचं यावर पोरांमध्ये कुजबुज झाली. मुकादमाने काही न बोलता तिथेही लावलं आणि पुढच्या ठाणाकडे गेला.

शेजारच्या घोड्यांचंही बघावं लागतं. कळपातलं जनावर आहे, रोजचा शेजारी दिसेनासा झाला की काही घोडे खिंकाळत राहतात, दाराशी येरझाऱ्या घालतात, दोन-तीन दिवस चंदी उष्टी टाकतात. त्याला माणसासारखा शोक म्हणायचं का यात मी पडत नाही. शक्य असेल तर जोडीच्या घोड्याला देह बघू द्यावा, जवळ जाऊन हुंगू द्यावा, जबरदस्ती करू नये. असं केलेले घोडे लवकर निवळतात असा अनुभव आहे. खाणं मात्र मोजावं, कारण न खाणाऱ्या घोड्याच्या पोटात कळ उठायला वेळ लागत नाही.

वडिलांसाठी काय करता येईल? त्या दिवसाचं रेसकार्ड घरात असेल. त्यावर ट्रेनरचं नाव असतं. त्या तबेल्याच्या पत्त्यावर दोन ओळींचं पत्र लिहू दे त्यांना, "मी तुमच्या घोडीला ओळखत होतो, तिच्या सईसाला हे वाचून दाखवा." अशी पत्रं फारशी येत नाहीत, त्यामुळे आलेलं वाचलं जातं. शवविच्छेदन झालं का, काय निघालं, हेही त्यांनी विचारावं. उत्तर मिळेलच असं नाही, पण विचारणारे वाढले की उत्तरं द्यावी लागतात. पैसे द्यायचे असतील तर मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट या प्राण्यांच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी द्या.

पुन्हा रेसला जायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवावं. मी जातो, आणि न जाणाऱ्यांशी वादही घालत नाही. गेले, तर त्यांचा पॅडॉकचा कठडाच सगळ्यांत उपयोगाची जागा आहे. घोडा चालताना पुढचा दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं, चांगला पाय टेकला की खाली येतं. वळताना पाऊल आखूड पडतं का, एका पायाची पट्टी दुसऱ्यापेक्षा फुगलेली दिसते का, हे सरावलेल्या डोळ्याला कठड्यावरूनही दिसतं, आणि त्यांचा डोळा सरावलेला आहे. स्टार्टिंग गेटपाशी क्लबचा डॉक्टर कधी कधी एखादा घोडा ऐनवेळी बाद करतो. फेव्हरिट असला तर स्टँडमधून शिव्यांचा पाऊस पडतो आणि तो माझ्यावरही पडलेला आहे. अशा वेळी शेजारच्या पंटरला, म्हणजे पैसे लावणाऱ्याला, डॉक्टरने घोडा का काढला असेल हे तुमच्या वडिलांनी समजावून सांगितलं, तर गेटपाशी उभ्या असलेल्या माणसाला पुढचा घोडा काढणं थोडं सोपं जाईल.